सूचना : झेलमच्या लढाईचा डाव येत्या रविवारी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, इ.स.पू. ३२६ मध्ये पौरस आणि अलेक्झांडर यांच्यात झेलमकाठी झालेल्या लढाईचा, पटावर छोट्या प्रतिकृतींनी खेळायचा डाव येत्या रविवारी सकाळी ९ वाजता, सांगलीत विश्रामबाग येथील आपल्या नेहमीच्या सभागृहात मांडला जाईल.

पौरसाच्या हत्तींची संख्या प्राचीन इतिहासकारांपैकी एरियन २०० देतो, तर कर्टियस ८५. आपण एरियनचा आकडा धरला असून, एक प्रतिकृती म्हणजे १० हत्ती या हिशेबाने २० हत्ती लागतील. कपाटात १४ आहेत आणि त्यांपैकी एकाची सोंड मागच्या डावात कुणाच्या तरी बाहीला अडकून मोडली आहे; म्हणून ज्यांच्याकडे रंगवलेले हत्ती असतील, त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे.

१. हत्ती पायदळाच्या पुढे, अंतर राखून एका ओळीत उभे करावेत. घोडे हत्तींना बुजतात, त्यामुळे अलेक्झांडरच्या मॅसिडोनियन घोडदळाला त्यांच्यावर समोरून चढाई करता येणार नाही.
२. माहूत पडल्यावर त्या हत्तीसाठी प्रत्येक फेरीत फासा टाकावा. १ किंवा २ पडल्यास हत्ती बिथरून जवळच्या तुकडीत घुसेल, मग ती आपली असो वा परकी. दरवेळी वाद याच नियमावरून होतो, तेव्हा पंचांचा निर्णय अंतिम राहील.
३. रात्रीच्या पावसाने चिखल झालेला असल्यामुळे रथांची चाल निम्मी धरावी.

पौरसाच्या बाजूला अजून दोन खेळाडू हवे आहेत. डबा प्रत्येकाने आपापला आणावा आणि चहाचे कप पटावर ठेवू नयेत.

– संयोजक