कोळशाच्या गोणी आणि शीतयुद्ध

महोदय,

शीतयुद्धावरील आपला रविवारचा लेख वाचला. अमेरिकी अध्यक्ष ट्रुमन, युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकी मदतीची मार्शल योजना, पाश्चात्त्य देशांची लष्करी संघटना नाटो, सगळे आले. बर्लिनची नाकेबंदी मात्र एका ओळीत उरकली, हे खटकले. साम्यवादाला बांध घालण्याचे अमेरिकेचे धोरण खरे कसाला लागले ते तिथे.

युद्धानंतर जर्मनी विजेत्या देशांत वाटली गेली होती, आणि बर्लिन सोव्हिएत विभागाच्या आत असूनही त्याचा पश्चिम भाग अमेरिका, ब्रिटन, फ्रान्सकडे होता. त्यांच्या पश्चिमेकडील विभागांत नवे मार्क चलन आले आणि २४ जून १९४८ला सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे अडवले. वीस लाखांवर माणसे कोंडली. बर्लिनला जाणाऱ्या हवाई मार्गांचा लेखी करार मात्र १९४५मध्येच झाला होता, म्हणून अमेरिका आणि ब्रिटनने शहराला विमानांनी रसद पुरवली. विमान पाडले तर युद्धच पेटायचे, आणि सोव्हिएत नेता स्टॅलिनला ते नको होते. मग विमानांतून गेले काय? पीठ, सुकवलेले बटाटे आणि सर्वांत जास्त चक्क कोळसा! एप्रिल १९४९मध्ये एका दिवसात जवळपास १,४०० विमाने उतरली. गेल हॅल्व्हर्सन हा अमेरिकी वैमानिक तर हातरुमालाची छत्री बांधून पोरांसाठी चॉकलेटे खाली सोडायचा. चारच वर्षांपूर्वी याच शहरावर अमेरिकी बॉम्ब पडत होते!

यात निव्वळ माणुसकी होती असे मला वाटत नाही. प्रचाराचा भाग मोठा होता, आणि तो रणगाड्यांपेक्षा स्वस्त पडला. १२ मे १९४९ला नाकेबंदी उठली. नाटोचा करार त्याआधी महिनाभर झालेला होता, हेही लेखात जोडता आले असते.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर बर्लिनला निदान अर्धा रकाना द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली