अडकलेली चाकं फिरती करूया: बेअरिंग पुलरसाठी चिपळूणकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या स्केटिंग मंडळाच्या खोलीत आज स्केट्सचे 26 जोड पडून आहेत, आणि बाहेर मुलं पाळीपाळीनं स्केट्स घालतायत. एकजण वीस मिनिटं पळतो, तेवढा वेळ दुसरा मोजे घालून कठड्यावर बसलेला असतो. पडून असलेल्या जोडांचे बूट शाबूत आहेत, पट्टे शाबूत आहेत, चाकंही फारशी झिजलेली नाहीत. सगळं अडलंय ते बेअरिंगपाशी, म्हणजे चाकाच्या आत बसणाऱ्या छर्ऱ्यांच्या कडीपाशी, आणि ती काढायचं हत्यार, पुलर, आमच्याकडे नाही.

हे जोड आले कसे, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमची खोलीही बुडाली. पाणी ओसरल्यावर गाळातून काढलेले काही जोड आम्ही धुऊन वाळवून ठेवले. पुढे पुण्या-मुंबईच्या ज्या घरांतली मुलं मोठी झाली होती, त्यांनी माळ्यावरचे जुने जोड पाठवून दिले. कुणी एसटीनं पाठवले, कुणी गणपतीला येताना सोबत आणले. त्या प्रत्येक घराचे आम्ही आजही ऋणी आहोत. पण गाळातले असोत की माळ्यावरचे, बहुतेकांची चाकं बोटानं फिरवली तर खर्र आवाज करून अर्ध्या फेरीत थांबतात.

एका स्केटला चार चाकं, एका चाकात दोन बेअरिंग. म्हणजे जोडीला 16 आणि 26 जोडांना 416. आपल्याकडच्या बहुतेक स्केट्सना 608 नंबरचं बेअरिंग असतं: आतलं भोक 8 मिलिमीटर, बाहेरून 22, जाडी 7. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं, पण आत सात छर्रे आणि त्यांना धरून ठेवणारा पिंजरा. त्यात पाणी शिरून राहिलं की गंज चढतो, आणि आपल्याकडे चार महिने हवा किती ओली असते ते तुम्हाला सांगायला नको. त्यात लाल माती तेलाला चिकटते. बरेच पालक मायेनं खोबरेल तेल सोडतात. थंडीत ते आतच थिजतं आणि चाक आणखी जड होतं. पालकहो, बेअरिंगमध्ये शिलाई मशीनचं तेल घाला, एकच थेंब, आणि तेही आधी साफ करून.

साफ करायचं म्हणजे बेअरिंग चाकातून बाहेर काढावं लागतं, आणि इथेच आमचे हात टेकतात. बेअरिंग चाकाच्या गाभ्यात घट्ट दाबून बसवलेलं असतं. त्यातून गंज धरलेला असेल तर विचारूच नका. आजवर आम्ही हे काम स्क्रू ड्रायव्हरनं केलं. टोक आत घालायचं, तिरकं करून उचकायचं. त्यात वरची पत्र्याची चकती वाकते, चाकाचा प्लॅस्टिकचा गाभा सोलला जातो, आणि वाचलं असतं ते बेअरिंगही कामातून जातं. दिवाळीच्या सुट्टीत एक दादा असंच चाक मांडीवर धरून उचकत होता. ड्रायव्हर सटकला आणि डाव्या तळव्यात घुसला. तीन टाके पडले. शेजारी नऊ वर्षांची मुलगी आपलं चाक कधी मिळतंय म्हणून वाकून बघत होती. तिचा चेहरा आणि ते टोक यांत वीतभर अंतर होतं. त्या दिवसापासून मंडळात स्क्रू ड्रायव्हरनं बेअरिंग काढणं बंद केलंय, म्हणून हे 26 जोड पडून आहेत.

या कामासाठी हातानं चालवायचं साधं हत्यार मिळतं, बेअरिंग पुलर. ना वीज लागते ना मोटर. मुठीत मावेल एवढा दांडा आणि पुढे 8 मिलिमीटरच्या भोकात जाणारं, मधून चिरलेलं टोक. टोक आत सरकवताना त्याच्या पाकळ्या मिटतात, बेअरिंगच्या पलीकडे गेल्या की उमलतात आणि आतल्या कडीला मागून धरतात. मग सरळ ओढायचं. बेअरिंग टक्कन बाहेर येतं, वाकत नाही, चाकालाही ओरखडा नाही. चार चाकांच्या रांगेतल्या, म्हणजे इनलाइन स्केट्सच्या काही चाकांत दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी छोटी नळी, असतो. तिथे पायरी असलेली पिन लागते. ती एका बाजूनं दाबली की समोरचं बेअरिंग स्पेसरसकट निघून येतं. बसवायलाही हत्यार हवंच, कारण बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या कडीवर पडला पाहिजे. आतल्या कडीवर ठोकलं तर छर्ऱ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंगही पहिल्याच दिवशी खरखरतं.

आम्हाला पाकळ्यांचे तीन पुलर आणि पायरीच्या दोन पिना हव्या आहेत. दोन-तीनच का नाहीत, असं वाटेल. पण 416 बेअरिंग एकाच हातानं काढायची तर पुढचा पावसाळा येईल. पाच जण एका वेळी बसले तर चार शनिवारांत काम उरकेल. ज्यांना हत्यार विकत घेऊन द्यायचंय त्यांनी ते द्यावं. रोख रक्कम देणाऱ्यांना मंडळाची पावती मिळेल. निम्मी बेअरिंग तरी साफ करून वाचतील असा आमचा अंदाज आहे. उरलेल्यांसाठी नवी घ्यावी लागतील, त्यामुळे एका चाकापुरती, म्हणजे दोन बेअरिंगची देणगीसुद्धा आम्हाला मोलाची आहे.

खेर्डी आणि खडपोलीच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या मित्रांना एक वेगळी विनंती. पायरीची पिन लेथवर सहज निघू शकते. नमुन्याचं चाक, स्पेसर आणि बेअरिंग आम्ही आणून देऊ. तुमच्या हातची एक पिन आमच्या इथे वर्षानुवर्षं वापरात राहील. गॅरेजवाल्या काकांनी तासभर येऊन मुलांना बेअरिंग धुवायला शिकवलं तरी फार मोठी मदत होईल. कशात धुवायचं, पिंजरा प्लॅस्टिकचा असेल तर थिनर का टाळायचं, बारीक रिंग टाचणीनं कशी उचलायची, हे तुमच्याइतकं नीट आम्हाला सांगता येत नाही.

2 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्केटिंगच्या 3000 मीटर रिलेमध्ये भारताच्या मुलींनी आणि मुलांनी कांस्यपदकं जिंकली. मुलांच्या चमूत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही आपली वाटणारी नावं होती. मुलांच्या त्याच शर्यतीत कोरियाच्या खेळाडूनं रेषेआधीच हात वर केले आणि सुवर्ण सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या फरकानं तैवानकडे गेलं. आमच्या मुलांना ती शर्यत तोंडपाठ आहे. रेषेवर पाय पुढे टाकायचा सराव ती रोज करतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या पायात अडखळणारी चाकं असतात. पाय पुढे जातो, चाक मागे ओढतं.

दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मंडळाची खोली उघडी असते. घरी पडून राहिलेले जोड असतील तर तेही घेऊन या, आम्ही ते इथेच उघडून पाहू. येताना चाकं सुटी करून आणू नका, स्केट्स आहेत तशाच आणा. नट आणि वॉशर वाटेत हरवतात, आणि त्या मापाचे इथे पटकन मिळत नाहीत.

आपले नम्र,
मंडळाचे कार्यकर्ते, पालक आणि खेळाडू
चिपळूण