परदेशातल्या नोकऱ्या : कायम किती, ठेक्यावर किती?

संपादक महोदय,

आपली एखादी खाद्यपदार्थ कंपनी परदेशात कारखाना काढते आहे, तिथे शेकडो नोकऱ्या मिळणार आहेत, अशी बातमी आली की इथे ऐरोलीत सकाळी फिरायला येणारी मंडळी चिडतात : आपली पोरं घरी बसलेली आणि हे निघाले तिकडे!

मला हा राग पटत नाही. रबाळे एमआयडीसीतल्या एका बिस्किट कारखान्यात पॅकिंग लाइन सांभाळून मी निवृत्त झाले. बिस्किटं इथून परदेशात पाठवायची तर माल हलका, पण जागा फार खातो. वजनाची मर्यादा गाठायच्या आधीच कंटेनर खोक्यांनी भरतो. वर आयात शुल्क, आणि बंदरात माल अडकला तर एक्सपायरी जवळ येते ती वेगळीच. मैदा, साखर, तेल तर तिकडेही मिळतं. ब्रिटानियाने 2022 मध्ये नैरोबीच्या केनाफ्रिक बिस्किट्समध्ये 51 टक्के हिस्सा घेतला, त्यात मला काहीच गैर दिसत नाही. ठाण्यात कॅडबरी जंक्शन आहे, ते बाहेरच्या कंपनीने इथे कारखाना घातला म्हणूनच ना? त्याच कंपनीने 1965 पासून केरळात कोकोची लागवड वाढवायला सुरुवात केली. आपल्याला जे मिळालं ते केनियातल्या माणसालाही मिळू दे.

माझी तक्रार त्या नोकऱ्यांच्या आकड्याबद्दल आहे. त्यातले किती जण कंपनीच्या पेरोलवर आणि किती ठेकेदाराचे, हे बातमीत सहसा नसतंच. आमच्याकडे मिक्सिंग आणि ओव्हनवरचे ऑपरेटर कायम होते, पाकिटं खोक्यात भरणाऱ्या बायका ठेक्यावर. शेड एकच, शिफ्ट एकच. ठेकेदार बदलला की त्यांची नोकरी कागदावर नव्याने सुरू व्हायची. ग्रॅच्युइटीला सलग 5 वर्षं लागतात. ती त्यांची कागदावर कधी भरलीच नाहीत. माझ्या हाताखाली तयार झालेल्या, डोळे मिटून सील तपासतील अशा बायका रिकाम्या हाताने घरी गेल्या. त्याचं मला आजही फार वाईट वाटतं.

कारखाना सुरू होताना त्यांनाही कुणीतरी ‘निर्माण झालेल्या नोकऱ्यां’त मोजलं असेलच. म्हणून आपल्या वार्ताहरांना विनंती, की अशी बातमी देताना कंपनीला कायम आणि ठेक्यावरचे असे दोन आकडे वेगवेगळे विचारावेत आणि कंपनीने सांगितले नाहीत तर तसंही छापावं. कारखाना नैरोबीत असो की आमच्या एमआयडीसीत.

– एक निवृत्त पॅकिंग सुपरवायझर, ऐरोली, नवी मुंबई