एपी स्कॉलर पुरस्कार : दहावी ते बारावीच्या पालकांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

मे महिन्यातल्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकायचे कॉलेज पातळीचे विषय) परीक्षांचे गुण जुलैत लागतात आणि मग ‘स्कॉलर पुरस्कारासाठी अर्ज कुठे करायचा?’ ही विचारणा सुरू होते. अर्ज नसतोच. या परीक्षा घेणारी अमेरिकन संस्था, कॉलेज बोर्ड, गुण पाहून पुरस्कार आपोआप देते. तो मुलांच्या कॉलेज बोर्डाच्या ऑनलाइन खात्यात दिसतो. पैसे मिळत नाहीत, हेही सांगून ठेवते.

५ पैकी ३ किंवा जास्त गुण तीन परीक्षांत मिळाले की एपी स्कॉलर. चार परीक्षांत मिळाले आणि सरासरी ३.२५ असली की ‘विथ ऑनर’. पाच परीक्षा आणि ३.५ सरासरी असेल तर ‘विथ डिस्टिंक्शन’. सरासरी मात्र दिलेल्या सगळ्या परीक्षांची धरतात. चारही विषयांत ३ पडले तर ऑनर हुकतो; त्यातला एक ४ झाला की मिळतो! आधीच्या वर्षांचे गुणही जमेस धरले जातात.

बारावीच्या परीक्षांचे गुण कॉलेज प्रवेशानंतर येतात, त्यामुळे अर्जात अकरावीपर्यंतचाच पुरस्कार लिहिता येतो. म्हणून विषय आत्ताच ठरवा, पण उगाच सहा-सहा विषय मुलांच्या गळ्यात मारू नका.

नोंदणी शाळेतल्या एपी समन्वयकांकडे. अंतिम मुदत साधारण नोव्हेंबरच्या मध्यात असते, बऱ्याच शाळांची त्याआधीच संपते. या आठवड्यातच विचारून घ्या.

– शिक्षण समिती