शिक्षक-लेखकांनो, सहीआधी करार वाचा

मा. संपादक,

शिक्षक दिन आला की शाळेतून साहित्यात आलेल्यांवर गौरवलेख येतात. अमळनेरचे साने गुरुजी, पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक आचार्य अत्रे, ही ठरलेली नावे. मुंबईतही निवृत्तीनंतर आठवणी, बालकथा लिहून पुस्तक काढणारे शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांचे नेमके कुठे फसते, हे मात्र कोणी लिहीत नाही.

सगळ्यात महागात पडते ती प्रकाशकाच्या करारावरची सही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 19 प्रमाणे हक्क लेखी करारानेच देता येतात. कोणता हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, रॉयल्टी किती, हे करारात हवे. मुदत लिहिलीच नसेल तर ती 5 वर्षे धरतात आणि प्रदेश नसेल तर भारत. म्हणजे कोऱ्या जागेची भीती नाही. भीती आहे 'सर्व हक्क कायमस्वरूपी' या छापील ओळीची. हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षे टिकतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' 2011 पासून कोणालाही छापता येते. अत्रे 1969 मध्ये गेले. त्यांचे हक्क 2029 अखेरपर्यंत आहेत. एवढ्या काळाचे दान करण्याआधी नातवंडांचा तरी विचार करावा! आणि छपाईचा सगळा खर्च लेखकच देणार असेल, तर हक्क सोडायचे कशासाठी?

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, वेगळे पैसे मागितले तर देऊ नयेत. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो मोफत देते, स्वतःच प्रकाशक होणाऱ्या लेखकालाही.

पुस्तक फर्म्यांनी छापतात. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पृष्ठांचा संच. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात तो 16 पृष्ठांचा. 40 हजार शब्दांची साधारण 160 पृष्ठे होतात, म्हणजे 10 फर्मे. मजकूर 163 वर गेला तर तीन पृष्ठांपायी अर्धा फर्मा वाढतो आणि मागे पाच पृष्ठे कोरी राहतात. बहुतेक वेळा मनोगत आणि ऋणनिर्देश आवरले की काम भागते.

मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची कच्ची पाने, तपासण्याची वेळही चुकते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य संगणकी अक्षरपद्धतीत, आणताना ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार सरकतो, 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतला अर्धा र तुटतो. त्यामुळे शेवटचे वाचन रूपांतरानंतरच व्हावे, आणि तेही दुसऱ्याने करावे. जन्मभर वह्या तपासलेल्या शिक्षकालाही स्वतःच्या पानावर लिहिलेले दिसत नाही, लिहायचे होते ते दिसते.

शेवटी 1954 चा ग्रंथ वितरण कायदा. प्रसिद्धीपासून 30 दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि आपल्या फोर्टच्या टाऊन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय यांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. स्वतः पुस्तक काढणाऱ्याने बांधणी होताच या चार प्रती बाजूला काढाव्यात. एरवी हे आठवते ते भेटप्रती वाटून संपल्यावर.

– एक मुद्रितशोधक, गिरगाव, मुंबई