वेरूळच्या फाटकाबाहेर

प्रिय दिलीप,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळे ठीक, आईचे गुडघे तसेच.

परवा एका फ्रेंच जोडप्याला घेऊन वेरूळला गेलो होतो. गाडीतून उतरतो तोच आपल्या सदाचा बाळू गारगोट्या विकायला घेऊन हजर. बाई गप्प, हा तिकीटखिडकीपर्यंत मागे मागे. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आम्हाला आधीच सांगितलं होतं, या शहरात सगळे खिशावर टपलेले असतात." बाळूला इंग्रजी कळतं रे! हातातली फोडलेली गारगोटी, आत ते पांढरे स्फटिक, तो कागदात गुंडाळतच राहिला.

आमचा ड्रायव्हर लगेच म्हणाला, "फ्रेंच ना, माजोरीच!" तुझीच आठवण झाली. जपानी तेवढे नम्र, फ्रेंच आढ्यताखोर, यावरून टपरीवर केवढा भांडला होतास. चहाचे पैसे अजून माझ्याकडेच थकलेत तुझे.

गंमत म्हणजे जेवताना तीच बाई तक्रार करत होती की पॅरिसच्या लोकांना जग उद्धट म्हणतं. तिथं दुकानात शिरताना आधी नमस्कार करायचा असतो. पाहुणा थेट भाव विचारतो, दुकानदार तुटक बोलतो, आणि बदनाम होतं सगळं शहर. 2013 साली तिथल्या व्यापार मंडळानं वेटर, टॅक्सीवाल्यांसाठी कुठल्या देशाचा पाहुणा कसा वागतो याची पुस्तिकाच काढली होती.

मग आपल्याला एका फाटकावरून का तोलता? पाहुण्याला भेटतात ते गाडीवाले, हॉटेलवाले, विक्रेते, ज्यांचं पोट त्याच्यावर चालतं. घरी आलेल्याला जेवल्याशिवाय उठू न देणारी आपल्या संभाजीनगरातली गुलमंडी त्याला दिसतच नाही. आणि भावाचं म्हणशील तर लेण्यांचं तिकीट आपल्याला 40 रुपये, त्यांना 600. सरकारच दोन भाव लावतं, मग बाळूनं पन्नास जास्त सांगितले तर तो एकटाच लुटारू कसा? मागे लागणं मलाही पटत नाही, पण चोर म्हणून घेण्याएवढं काय केलं त्यानं?

आता तो फाटकावर जायचंच नाही म्हणतो. सदाचं सोयाबीन पावसात सडलं, घरात येणारा पैसा तेवढाच. पोराला लेण्यांची माहिती तोंडपाठ आहे. त्यानं रीतसर गाइड व्हावं असं मला फार वाटतं, पण माझं ऐकेना.

तुझी बदली झाली का? पोरीचा निकाल कळव, वहिनींना नमस्कार.

बाळूला फोन कर. संध्याकाळी सातनंतर कर, तेव्हा तो घरी असतो. सदाला मात्र यातलं काही बोलू नकोस.

तुझा,
विलास