सलाईन कोमट करणारी पिशवी बनवा, पण आधी सिस्टरना विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रदर्शनात हल्ली एखाद्या तरी टेबलावर सलाईनची बाटली कोमट करणारं यंत्र मांडलेलं असतं. मुलं हुशार आहेत आणि विषयही चांगला निवडतात. पण यंत्राशेजारी मोबाईल ठेवलेला असतो आणि मुलगा उत्साहाने सांगतो, “मॅडम, टेंपरेचर ॲपवर दिसतं, ब्लूटूथ आहे.” मी खानापूर तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि त्याआधी ऑपरेशन थिएटरमध्ये स्टाफ नर्स होते. जांबोटी रस्त्याच्या वळणांवर अँब्युलन्समध्ये एका हाताने बाटली उंच धरायची आणि रक्तस्राव थांबावा म्हणून दुसऱ्या हाताने बाळंतिणीच्या पोटावरून गर्भाशय चोळत राहायचं, अशा वेळी मोबाईल बघायला तिसरा हात कुणाचा? त्या मुलांना हे कुणी सांगितलेलं नसतं, कारण त्यांनीही कुणा सिस्टरला विचारलेलं नसतं.

मुळात हे यंत्र आपल्या भागात हवंच कशाला, असंही काही जण म्हणतात. थंडी काश्मीरला, बेळगावात कसली! अशांनी जुलैत घाटमाथ्यावरच्या पावसाळी कणकुंबीला एक रात्र काढावी. शरीराचं तापमान ३७ अंश आणि कपाटातल्या बाटलीचं २०-२२. डिसेंबरच्या पहाटे ते त्याहून खाली असतं. ७० किलोच्या माणसाला खोलीच्या तापमानाचं एक लिटर सलाईन दिलं की त्याच्या शरीराचं तापमान साधारण पाव अंशाने उतरतं. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण आमच्याकडे येणारी बाळंतीण ७० किलोची नसते, ४५ ची असते. तेच लिटर तिला दीडपट गार करतं. रक्तस्राव होत असेल तर एका लिटरवर भागतही नाही. शिवाय जंगलातल्या वाडीवरून रस्त्यापर्यंत माणसांच्या खांद्यावरून आलेली असली तर ती आधीच चिंब भिजलेली असते.

शरीर ३५ अंशांखाली गेलं की प्लेटलेट आणि रक्त गोठवणारी प्रथिनं मंदावतात. म्हणजे जिचं रक्त थांबावं म्हणून आपण गाडी पळवतोय, तिचंच रक्त गोठेनासं होतं. गारठा, रक्तात वाढत जाणारं आम्ल आणि न गोठणारं रक्त ही तिन्ही एकमेकांना बळ देतात, आणि अपघात विभागातले डॉक्टर या त्रिकुटाला फार घाबरतात. कुडकुडण्यात ऑक्सिजनही जास्त खर्च होतो. सिझेरियनला कमरेत इंजेक्शन दिल्यानंतर बाई थडथडा कापायला लागते आणि आपण ‘घाबरलीय’ म्हणून सोडून देतो, तेव्हाही तिला गार बाटल्याच चाललेल्या असतात.

लशींसाठी आपण केवढी शिस्त पाळतो! फ्रीज २ ते ८ अंशांत, दिवसातून दोनदा तापमान वहीत, गावात न्यायची तर बर्फाचे पॅक घातलेली पेटी. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनही त्याच २ ते ८ अंशांत. थंड ठेवायचं ते सगळं नीट बसवलंय, पण उबदार ठेवायचं ते अजून बादलीतल्या गरम पाण्यावर चाललंय. मॅनिटॉल या मेंदूची सूज उतरवणाऱ्या औषधात खडे धरले की ती बाटली गरम पाण्यात ठेवायची, हे प्रत्येक वॉर्डातल्या सिस्टरला ठाऊक असतं. तीच युक्ती मग सलाईनलाही वापरली जाते. त्यात बाटलीच्या तोंडाशी बादलीतलं पाणी लागतं, लेबल सुटतं, आणि आतलं पाणी ३५ अंश झालं की ५० हे हाताने चाचपून ठरवायचं. मायक्रोवेव्ह तर त्याहून वाईट, कारण एका बाजूला चटका आणि दुसऱ्या बाजूला गार.

माझ्या भाच्याचं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. निवृत्तीनंतर मी त्याच्या मागे लागले आणि आम्ही दोघांनी मिळून एक पिशवी बनवली. रेक्झिनची, आत फोमचा थर, त्याच्या आत चांदीसारखा चकाकणारा कागद आणि सिलिकॉनचा १२ व्होल्टचा ४० वॉटचा हीटिंग पॅड. रेक्झिन मुद्दाम फिक्या रंगाचं घेतलं, कारण गडद रंगावर रक्ताचे डाग दिसत नाहीत आणि पुसायचे राहून जातात. हिशेब भाच्यानेच कागदावर मांडून दाखवला. अर्धा लिटर पाणी २२ वरून ३९ अंशांवर न्यायला साधारण १० वॉट-तास लागतात. ४० वॉटच्या पॅडला हे काम पंधरा मिनिटांचं, पण काही ऊब बाहेर जातेच, त्यामुळे प्रत्यक्षात पंचवीस मिनिटं धरावीत. विजेचा भार साडेतीन अँपियरच्या आत, म्हणजे अँब्युलन्समधल्या १२ व्होल्टच्या सॉकेटला सहज पेलणारा. गाडी नसेल तर यूपीएसमध्ये असते तसली ७ अँपियर-तासाची बॅटरी तीनेक बाटल्या काढते. बॅटरीसकट सुटे भाग अडीच-तीन हजारांत बसले. बाजारातले नळीतलं पाणी तापवणारे वॉर्मर वीस-पंचवीस हजारांपासून लाखाच्या पुढे जातात आणि बऱ्याच यंत्रांना प्रत्येक पेशंटला नवा सेट लागतो.

भाच्याशी माझा सगळ्यात जास्त वाद झाला तो कटऑफवरून, म्हणजे पॅड जास्त तापला तर वीज तोडणाऱ्या सोयीवरून. मी म्हणाले, थर्मोस्टॅट आहे ना, ३९ ला बंद होतो, मग आणखी कशाला? तो म्हणाला, “मावशी, वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेचे पॉइंट चिकटले की थर्मोस्टॅट काय करणार? तो बंद म्हणेल आणि पॅड तापतच राहील.” म्हणून त्याने पॅडला चिकटवून ४५ अंशांचा एक साधा धातूच्या पट्टीचा स्विच ओळीत घातला. थर्मोस्टॅटच्या सर्किटशी त्याचा काही संबंध नाही, तो पॅडच्या उष्णतेनेच उघडतो. त्याच्यापुढे एक थर्मल फ्यूज, जो एकदा उडाला की पिशवी दुरुस्तीलाच जाते. या दोन्ही वस्तू किरकोळ किमतीच्या. प्रदर्शनातल्या यंत्रांमध्ये मी आता डिस्प्लेआधी हेच शोधते आणि बहुतेक वेळा सापडत नाही.

दुसरी गोष्ट तापमान मोजणाऱ्या सेन्सरची. तो पॅडच्या बाजूला लावला तर पॅडचंच तापमान सांगतो आणि आतलं पाणी गारच राहतं. बाटलीच्या उलट्या बाजूला लावला की आकडा खऱ्याच्या जवळ येतो. प्लास्टिकमधून ऊब हळू जाते आणि गरम पाणी वर तरंगतं, म्हणून मध्ये एकदा-दोनदा बाटली उलटीपालटी करावी लागते. आणि परदेशातली चित्रं बघून मुलं सपाट पिशवीचं माप धरतात. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात येते ती अर्ध्या लिटरची उभी प्लास्टिकची बाटली! सपाट पॅडला ती एका रेघेवरच टेकते. आम्ही पॅड गुंडाळून वरून रुंद वेल्क्रोचा पट्टा आवळला तेव्हा कुठे काम झालं.

दाखवण्यासाठी दोनच दिवे ठेवले, तापत असताना लाल आणि तयार झाल्यावर हिरवा. सीमाभागात सूचना कन्नडमध्ये लिहाव्या की मराठीत यावर कुणी कमिटी बसवायच्या आत दिवा सगळ्यांना कळतो.

आता या पिशवीने काय होत नाही तेही सांगते. बाटली ३९ अंशांची असली तरी थेंब सावकाश सोडले, मिनिटाला वीस-पंचवीस, तर दीड मीटरच्या नळीतून येईपर्यंत पाणी पुन्हा खोलीच्या तापमानाला आलेलं असतं. तिथे ही पिशवी नुसती शोभेची. तिचा उपयोग होतो तो जोरात सोडायच्या सलाईनला, जेव्हा हिरवी १८ नंबरची सुई लावून बाटली पूर्ण उघडी सोडलेली असते. अशा वेळीही नळी पेशंटच्या पांघरुणाखालून घ्यावी. रक्ताची पिशवी यात कधीच ठेवायची नाही. ती फ्रीजमधून येते, ४२ अंशांपुढे गेली तर रक्तपेशी फुटायचा धोका असतो, आणि तिच्यासाठी वेगळं प्रमाणित यंत्रच हवं. औषध मिसळलेली बाटली तापवायची नाही. ऑक्सिटोसिन घालायचं ते बाटली पिशवीतून काढल्यावर. ग्लुकोजची बाटली पुन्हा पुन्हा गरम करायची नाही. आणि सगळ्यात आधी ओले कपडे काढून अंग कोरडं करायचं आणि ब्लँकेट घालायचं. त्याला बॅटरी लागत नाही.

काही मुलं सलाईन धातूच्या नळीतून किंवा पत्र्यावरून नेऊन तापवायचं मॉडेल करतात. त्यांनी एक माहिती असू द्यावी. परदेशात एका नामांकित लाईन वॉर्मरमध्ये आवरण नसलेल्या ॲल्युमिनियमच्या तापलेल्या पत्र्यावरून सलाईन जायचं आणि त्यात ॲल्युमिनियम उतरायचं. २०१९ मध्ये ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. बाटलीच्या बाहेरून ऊब देण्याचा हा एक मोठा फायदा आहे, हीटर औषधाला शिवतच नाही.

आमची पिशवी मुदत संपलेल्या बाटल्यांवरच तपासलेली आहे, एकाही पेशंटला लावलेली नाही आणि लावणारही नाही. रुग्णावर वापरायचं म्हटलं की हे वैद्यकीय उपकरण ठरतं. त्याला २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात, धोक्यानुसार वर्ग ठरतो, कमी धोक्याच्या अ आणि ब वर्गाचा उत्पादन परवाना राज्याकडून, जास्त धोक्याच्या क आणि ड चा केंद्राकडून. विजेच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०६०१ नावाचं मानक पाळावं लागतं. हे वाइंडिंगच्या दुकानाचं काम नाही. पण बेळगावचं नक्कीच आहे. कास्टिंग आणि मशिनिंगवर पोट भरणारी उद्यमबाग इथे, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय इथे, मेडिकल कॉलेजं इथे, आणि चंदगडपासून खानापूरपर्यंतचे पेशंट येतात तेही इथेच. हे सगळे एका टेबलाभोवती बसलेले मी तरी अजून पाहिलेले नाहीत.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत कॉलेजच्या प्राध्यापकांना एक विनंती. प्रोजेक्ट तपासायला बसणाऱ्या मंडळीत उद्योजक असतात, दुसऱ्या कॉलेजचे प्राध्यापक असतात. त्यांच्यासोबत एक चालू नोकरीतली स्टाफ नर्स आणि १०८ वरचा एक टेक्निशियन बसवा. यंत्र टेबलावर न बघता उभ्या अँब्युलन्समध्ये, रात्री, आतला दिवा मंद करून आणि हातात मोजे घालून चालवून बघा. चेन उघडते का, बाटली आत जाते का, रक्ताने निसरडा झालेला हात बटण शोधू शकतो का, मग ते पुसून साफ होतं का, हे तिथे पाच मिनिटांत कळेल. ज्या मुलांना बाटलीची मापं, ड्रिप सेट आणि वॉर्डातल्या खऱ्या अडचणी समजून घ्यायच्या असतील त्यांच्यासाठी माझ्याकडे आता भरपूर वेळ आहे. पिशवीच्या कटिंगचा कागद आणि भाच्याने काढलेलं सर्किट मी या पत्रासोबत आपल्या कार्यालयात पाठवत आहे. मागेल त्याला झेरॉक्स द्यावी.

आपली नम्र,
एक निवृत्त स्टाफ नर्स,
ता. खानापूर, जि. बेळगाव